हलगेकरांचा दगड आणि माझी चिनी माती

माणसानं शेजाऱ्याच्या गाडीचा मत्सर करावा, बंगल्याचा करावा, त्याच्या जावयाच्या पगाराचा तर अवश्य करावा. त्यात कमीपणा काही नाही, ती जगरहाटी आहे. पण संडासाच्या फुटक्या भांड्यावरून जळण्याची पाळी अख्ख्या बेळगावात बहुधा माझ्या एकट्यावर आली असावी.

अनगोळात आमच्या शेजारी डॉक्टर उपेंद्र हलगेकर राहतो. दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा कोरतो आणि गेल्या वर्षापासून संध्याकाळी आपल्या घराच्या पायरीवर बसून दगडी हत्यारं घडवतो, आदिमानव घडवायचा तशी. मांडीवर चामड्याचा तुकडा, डाव्या हातात चिनी मातीचा पांढराशुभ्र तुकडा, उजव्या हातात नदीतला गोटा. कडेवर टक् करून मारलं की पातळ कपची उडते. तुकडा फिरवून पुन्हा मारलं की दुसरी. तासाभरात बाणाचं टोक तयार, आणि असं धारदार की त्यानं टोमॅटो कापावा. हे तुकडे तो एका सॅनिटरी दुकानातून आणतो. वाहतुकीत फुटलेली संडासाची भांडी ती. आपल्याकडचा काळा दगड हवा तसा फुटत नाही, तांबडा तर नुसताच भुगा होतो; पण कडक भाजलेली चिनी माती काचेसारखी फुटते, म्हणून जगभरचे हौशी लोक असंच करतात, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मला. मी हायस्कूलमध्ये सत्तावीस वर्षं इतिहास शिकवतोय. अश्मयुग हा माझा प्रांत आहे. मी कधी कुणाच्या दाढेला हात लावायला गेलो नाही.

गल्लीला या मुद्द्याशी काही देणंघेणं नव्हतं. संध्याकाळ झाली की हलगेकरांच्या पायरीपुढं गर्दी जमायची. वीजमंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले अंबाजीअण्णा तर घरून खुर्ची घेऊन येत. माझी बायको लतिका एकदा हलगेकरांकडं थालीपीठ द्यायला गेली आणि येताना दगडी सुरी घेऊन आली. त्या दिवसापासून आमच्या घरची कोथिंबीर त्या सुरीनं चिरली जाऊ लागली. मी तिला सौम्य शब्दांत आठवण करून दिली की हे मूळचं संडासाचं भांडं आहे. तिनं चौकशी आधीच करून ठेवली होती. नवं कोरं होतं ते, वापरलेलं नव्हे, असं ती म्हणाली. मी बाजारातून आणलेली कोथिंबीर मात्र ती अजून तीन पाण्यांतून काढते. मला उपेंद्रचा मत्सर वाटत होता, हे मी आता मान्य करतो. तेव्हा मी त्याला विषयाची कळकळ म्हणत होतो.

श्रावणात एके दिवशी निपाणीहून फोन आला. निपाणीची शाळा म्हणजे माझी शाळा. मी तिथं पाचवी ते दहावी शिकलो. नव्या मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडम बोलत होत्या. शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी कार्यक्रम आहे, आणि मुलांना अश्मयुग डोळ्यांनी दिसावं असं काहीतरी व्यासपीठावर करायचं आहे. माझी छाती शब्दागणिक फुगत गेली. शेवटी आपल्या शाळेला आपली आठवण झाली. मी गहिवरून म्हणालो, मॅडम, शाळेसाठी केव्हाही हाक मारा.

"मारली की सर," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेजारी डॉक्टर हलगेकर राहतात न्हवं का, त्यांचा नंबर पाहिजे होता."

पुढं जे मी बोललो ते कुठल्याही इतिहासाच्या शिक्षकाला शोभणारं नव्हतं. मी म्हणालो, डॉक्टरांना क्षणाची सवड नसते. आणि खरं सांगायचं तर ते सगळं मीही करतो. जरा वरच्या दर्जाचं करतो, पण बोभाटा करत नाही. मॅडमना आनंद झाला. मग तर तुम्हीच या, घरचंच माणूस, असं त्या म्हणाल्या आणि आठ दिवसांत निमंत्रणपत्रिका छापूनही झाली. "अश्मयुगीन हत्यारांचे प्रात्यक्षिक: श्री. श्रीनाथ देसूरकर (माजी विद्यार्थी)." पत्रिका लतिकेनं वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा पत्रिका वाचली.

मी परसात काळ्या दगडावर सराव सुरू केला. तिसऱ्या घावाला अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. पट्टी बांधायला लतिकेनं नेमकं उपेंद्रलाच बोलावलं. दारात बोट सापडलं, असं मी सांगितलं. तो दगडाकडं पाहत म्हणाला, दार लई जड दिसतंय तुझं. आणि पट्टी मात्र सुरेख बांधली.

त्याच्याकडं जाऊन शिकावं, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला आणि मी त्याला बाहेरची वाट दाखवली. शिवाय माझ्या शाळेच्या व्यासपीठावर, संस्थापकांच्या तसबिरीखाली, मी संडासाचं भांडं फोडणार नव्हतो. विचार करता करता मला एक गोष्ट लख्ख दिसली. उपेंद्र काय करतो, तर दुसऱ्यानं केलेली वस्तू फोडतो. मी ती वस्तूच करीन. माती मी मळीन, मी भाजीन, आणि मग माझा स्वतःचा दगड माझ्या शाळेत फोडीन. फोडणारा मोठा की घडवणारा, हा प्रश्न गल्लीलाच विचारू.

आठवडाभर मी इंटरनेटवर वाचन केलं. खऱ्या चिनी मातीला तेराशे अंशांची धग लागते. बेळगावात माझ्या ओळखीची एकच भट्टी होती, उद्यमबागेतली, जिथं मारुतीराव लोखंडी सुटे भाग तापवून कडक करतात. त्यांची मुलगी मंगल माझी विद्यार्थिनी, तिला इतिहासात एक्क्याण्णव मार्क होते, त्यामुळं माझा शब्द ते मोडणार नव्हते. पण त्यांची भट्टी हजार अंशांवर चालायची. त्यावरही तोड सापडली. मातीत भरपूर काचेची पूड मिसळली की काच लवकर वितळते आणि कमी धगीतही माती कडक होते. म्हणजे चिनी माती, गारगोटीची पूड, फेल्डस्पार नावाची एक पांढरी दगडी भुकटी, आणि काच. अंबाजीअण्णांना हे कुठूनसं कळलं. ते मला गाठून म्हणाले की सीमेवर आपले जवान उभे असताना शिक्षकानं चिनी माल वापरावा हे काही बरं न्हवं. मी अर्धा तास समजावलं की चिनी माती आपल्याच जमिनीतली असते. त्यांनी ऐकून घेतलं आणि भट्टीऐवजी शेण्यांत भाज, असा सल्ला दिला.

काचेला म्हणाल तर भंगारवाल्याकडं बाटल्यांचा डोंगर होता. पण त्या बाटल्या कसल्या होत्या ते सांगायला नको, आणि पोतं उघडून त्या निवडत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील समोर उभे राहिले. त्यांनी नमस्कार केला. मीही केला, एका हातात बाटली असताना जसा करता येतो तसा. तेवढ्यावर बाटल्यांचा विचार संपला, आणि मी शहापुरात गुणाबाईंच्या बांगड्यांच्या दुकानात गेलो. काच ती काच. दुकानात चार बायका हात पुढं करून बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, "फुटक्या बांगड्या मिळतील का?"

चारही बायकांनी हात आखडून घेतले. एकीनं मंगळसूत्र डोळ्यांना लावलं. गुणाबाई सत्तरीच्या असतील. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "शिकलेलं माणूस दिसतासा, आणि सुवासिनींच्या म्होरं फुटक्या म्हंतासा? वाढलेल्या म्हणायचं. वाढलेल्या बांगड्या. म्हणा बघू."

मी म्हटलं. त्यांचं समाधान होईपर्यंत तीनदा म्हटलं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. हे मला काय माहीत नव्हतं? पण माहीत असणं वेगळं आणि शुक्रवारी शहापुरात चार बायकांपुढं पाठ म्हणून दाखवणं वेगळं. गुणाबाईंनी सहा किलो वाढलेल्या बांगड्या दिल्या, बहुतेक हिरव्या. त्यानंतर मात्र माझ्या जिभेला असं वळण लागलं की माझ्या तोंडून फोडणे हा शब्द पुन्हा गेला नाही. वर्गातसुद्धा मी एकदा खडू वाढवला.

चिनी माती गावातच मिळाली, बाकीच्या दोन भुकट्या कोल्हापुरात. त्यांची दोन पोती घेऊन मी बसनं परत येत होतो. सीमेवरच्या नाक्यावर तपासणी चालली होती. एक फौजदार वर चढले आणि पांढऱ्या पोत्यांपाशी थांबले. "इदेन्री?" म्हणजे हे काय. मी सत्तावीस वर्षांच्या कन्नडचा आधार घेऊन म्हणालो, मण्णु, म्हणजे माती. ते म्हणाले, मातीची वाहतूक करायला खाण खात्याचा परवाना लागतो, तो दाखवा. मी घाईघाईनं दुरुस्ती केली की माती नव्हे, दगड. दगडाला कन्नडमध्ये कल्लु म्हणतात. माझ्या मराठी जिभेनं ते कळ्ळु असं म्हटलं, आणि कळ्ळु म्हणजे ताडी. फौजदारांनी पोत्याचा वास घेतला. आता तिसऱ्या भाषेत सगळं स्वच्छ करून टाकावं म्हणून मी हिंदीत म्हणालो की यापासून मी हथियार बनवणार आहे.

बस पाऊण तास थांबली. मला पोत्यांसकट खाली उतरवलं. प्रवासी खिडक्यांतून मान काढून पाहत होते, आणि शेंगा विकणारा एक माणूस फक्त आमच्या बसभोवती फिरत होता. मी कागदावर बाणाचं चित्र काढून दाखवलं. ते पाहताच फौजदारांचा चेहरा बदलला. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला पांढरं शुभ्र बाणाचं टोक लटकत होतं. त्यांची अक्कलदाढ उपेंद्रनं काढली होती आणि वर ही भेट दिली होती. तुम्ही हलगेकर डॉक्टरांचे दोस्त काय, असं त्यांनी विचारलं. माझ्या आयुष्यात सत्य बोलणं इतकं जड कधी गेलं नव्हतं, आणि मुळात ते सत्य होतं की नाही याचीही मला खात्री नव्हती. पण बस हॉर्न देत होती. मी म्हणालो, हो, जिवलग. फौजदारांनी स्वतः एक पोतं उचलून बसमध्ये ठेवलं.

बांगड्यांची पूड मी लतिकेच्या इडलीच्या ग्राइंडरमध्ये केली. ती दोन दिवस माहेरी, कडोलीला गेली होती. ग्राइंडरनं बांगड्या वाटल्या आणि बांगड्यांनी ग्राइंडर वाटला. आल्यावर तिनं ग्राइंडरचा झिजलेला दगड पाहिला आणि शांतपणे विचारलं की आता इडलीचं पीठ उपेंद्रभावजींच्या पायरीवर वाटून आणू का. तिला टोमणाच मारायचा होता, तर नेमकं तेच नाव घेण्याची गरज नव्हती.

सगळं मिसळून, मळून, लाटून मी चाळीस वड्या पाडल्या. प्रत्येक वडी तळहाताएवढी, बोटभर जाड, फिकट हिरवी. गच्चीवर वाळत घातल्या तेव्हा माझंच मन भरून आलं. अंबाजीअण्णा सल्ला द्यायला वर आले. मी पाणी आणायला खाली गेलो. परत येऊन बघतो तर अण्णा गाल धरून बसलेले, आणि एका वडीचा कोपरा गेलेला. पिस्त्याची बर्फी वाटली म्हणाले. तीन दिवस उन्हात वाळलेली माती ती, अण्णांची दाढ हलली. ती दाढ बसवायचं काम अर्थातच उपेंद्रला मिळालं. माझ्या वडीमुळं.

आता भट्टी. मारुतीरावांची रीत अशी की खंडेनवमीला भट्टीची पूजा करायची, मग ती थंड करून आतल्या विटा बदलायच्या, आणि पुन्हा पेटवून पहिला घाणा आत टाकताना तोंडाशी नारळ वाढवायचा. पहिल्या घाण्याचा मान त्यांनी माझ्या वड्यांना दिला. बुधवारी भट्टी पेटणार होती, शनिवारी निपाणीचा कार्यक्रम. ज्याचा माल त्यानं नारळ वाढवायचा असतो, पण बुधवारी मला शाळा. म्हणून मी मंगळवारी वड्या पोचवल्या, कागदावर हजार अंश असं ठळक लिहून दिलं, आणि दोन नारळ ठेवून आलो. माझ्या वतीनं तुम्हीच करा, असं सांगितलं.

बुधवारी दुपारी शाळेत शिक्षकांची सभा चालू होती. मुख्याध्यापक बोलत होते. माझा फोन थरथरला. मी बाकाखाली वाकून कानाला लावला. पलीकडं भट्टीचा घोंघाट, त्यातून मारुतीरावांचा आवाज येत होता, निम्मा ऐकू येई, निम्मा नाही.

"सर, ...वाढवू काय?"

नारळ. एवढ्यासाठी फोन. मी दबक्या आवाजात म्हणालो, "वाढवा की. त्यात काय विचारायचं?"

"किती?"

"दोन. दोन्ही वाढवा, माझ्या हातचं समजून."

"दोन म्हंतासा? बगा हं. मागनं मला बोलायचं न्हाय."

"अहो, शुभ काम आहे. मोकळ्या मनानं वाढवा," असं म्हणून मी फोन ठेवला. सभेत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. या वाक्याकडं वाचकांनी विशेष लक्ष द्यावं, त्याचं महत्त्व पुढं कळेल.

गुरुवारी संध्याकाळी भट्टी उघडली. चाळीस वड्यांपैकी एकही वडी नव्हती. लोखंडी ताटात एक भला मोठा हिरवा गोळा पसरला होता, उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखा. मी ताटाभोवती फिरून वड्या शोधल्या. मारुतीरावांनी खुलासा केला. भट्टीच्या चकतीवर पन्नास पन्नास अंशांची घरं असतात. हजारावर काटा आला तरी वड्या जराही चमकेनात, कच्च्या राहतील असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी मला विचारलं होतं की एखादं घर वाढवू काय.

"तुम्हीच म्हणलासा न्हवं, दोन वाढवा म्हणून," ते म्हणाले. "नारळ तर सकाळी सातलाच वाढवलतो की मी. नारळ वाढवायला तुमास्नी कशाला इचारू?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी सत्तावीस वर्षं मुलांना शिकवली. तिचा अर्थ असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. गोळा घणानं ताटापासून सोडवून, त्याचे पाच मोठे खंड पोत्यात घालून मी घरी आणले. दोन दिवसांनी माझ्या शाळेत, माझ्या जुन्या शिक्षकांपुढं, चारशे मुलांपुढं माझी शोभा होणार हे आता ठरलं होतं. मॅडमना फोन करून आजारी पडावं, असं मी रात्रभर ठरवत होतो. पण मी आजारी पडलो की त्या उपेंद्रला बोलावणार, आणि त्याला सवड असणार. मी आजारी पडलो नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गच्चीवर त्यातला एक खंड मांडीवर घेऊन मी गोटा आपटत होतो. काहीच निघत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या कठड्यावरून उपेंद्रचं डोकं वर आलं. आवाज वेगळा येतोय, असं तो म्हणाला. मग कठडा ओलांडून आला, माझ्या हातातून तो खंड घेतला, उन्हाकडं धरला, कडेवरून बोट फिरवलं. माझ्याच गोट्यानं एकदाच हलकं टक् केलं. चार बोटं लांब, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, हिरवी कपची त्याच्या तळहातावर पडली. तिच्यातून त्याची रेघ न् रेघ दिसत होती.

त्यानं ती पुन्हा उन्हाकडं धरली. मग म्हणाला, "कुठनं आणलास रं हे?"

"आणला नाही," मी म्हणालो. "केला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा मी ओळखला. वर्षभर रोज सकाळी दाढी करताना मी तोच पाहत होतो. उपेंद्र हलगेकर माझ्यावर जळत होता. मला इतका निर्मळ आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता. हजार अंशांवर त्या वड्या खडूसारख्या भुसभुशीत राहिल्या असत्या, हे मला त्या क्षणी कळलं. ते त्याला सांगायचं नाही, हेही त्याच क्षणी ठरलं. कसा केला, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, अभ्यास केला. मग तो अगदी अजिजीनं म्हणाला की उद्या मी पण येतो, तू बोल, मी नुसता फोडतो, मदतनीस म्हणून सांग हवं तर. मी आकाशाकडं पाहून थोडा विचार केल्यासारखं केलं. बरं, ये, म्हणालो.

निपाणीत व्यासपीठावर चढताच प्रियदर्शनी मॅडम त्याला म्हणाल्या, "बरं झालं डॉक्टर तुम्ही आलासा. सर म्हणले होते, तुमाला सवडच नसती."

उपेंद्र माझ्याकडं वळला. मी गळ्यातल्या हाराची वीण तपासत होतो. मग मॅडमना म्हणाला, "नसतीच. सरांनी काढायला लावली."

मला उघडं पाडण्याची आयती संधी त्यानं सोडली. एवढा मोठेपणा शेजाऱ्यानं दाखवू नये, त्याचा त्रास होतो.

मी चाळीस मिनिटं बोललो. अग्नीचा शोध, शिकार, गुहा, सगळं सांगितलं. चारशे मुलं श्वास रोखून पाहत होती, उपेंद्रच्या हातांकडं. माझे जुने शिक्षक पाहत होते, उपेंद्रच्या हातांकडं. मध्ये मी एक पूर्ण शतक चुकवलं, कुणी मान वळवली नाही. शेवटी त्यानं हिरवं, पानाच्या आकाराचं भाल्याचं टोक वर धरलं तेव्हा टाळ्या थांबेनात. मी खाली बसलो. माझ्या शाळेत माझाच मदतनीस मला पुसून टाकत होता. मग सहावीतली तेजस्वी नावाची एक मुलगी उठली आणि तिनं विचारलं, हा दगड कुठं मिळतो. सगळ्यांनी उपेंद्रकडं पाहिलं.

"मिळत न्हाय," उपेंद्र म्हणाला. "ह्यो दगड सरांनी केलाय. मी नुसता मोडतोय. कसा केला ते मला पण सांगंनात."

त्याच्या आवाजातली जळजळ खरी होती, मी ती ओळखायला चुकणार नाही. सभागृह माझ्याकडं वळलं. मी उभा राहून गंभीरपणे म्हणालो, ही तापमानाच्या नियंत्रणाची बाब आहे. त्या दिवसातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्या वाक्याला पडल्या. माझ्या मराठीच्या बाई, आता नव्वदीच्या, त्यांनी मला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला.

परत येताना गाडी उपेंद्र चालवत होता. संकेश्वरपर्यंत तो नुसताच माझ्याकडं वळून वळून बघत होता. हत्तरगीला त्यानं एकदा विचारलं, दगड कसा केला. मी खिडकीबाहेर पाहिलं. काकतीजवळ पुन्हा म्हणाला, "श्रीनाथ, सांग की रं. कुणाला सांगत न्हाय मी." दिवाळीपर्यंत त्याला तळमळत ठेवायचा माझा बेत पक्का होता. पण माझ्यासारख्या माणसाच्या हाती आयुष्यात एकदाच एवढी गंमत लागते, आणि ती समजेल असा मनुष्य सगळ्या गावात एकच होता. मी सांगून टाकलं. गुणाबाई, बाक, नारळ, दोन घरं. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून असा हसला की हॉर्न वाजतच राहिला. मीही हसलो. वर्षभरात पहिल्यांदाच तो मला आवडला.

ही चूक मला दुसऱ्या दिवशी कळली. रविवारी संध्याकाळी सगळी गल्ली त्याच्या पायरीपुढं बसली होती आणि तो माझी गोष्ट सांगत होता. गुणाबाईंचा आवाज काढत होता, मारुतीरावांचा काढत होता, बाकाखाली वाकलेला मी तर असा करत होता की लतिका पदरानं डोळे पुसत होती. त्यात त्यानं पदरचं एक घातलं. म्हणे, मी फोनवर दोन वाढवा, मोकळ्या मनानं वाढवा म्हणत असताना मुख्याध्यापकांनी दरडावून विचारलं, काय वाढवताय देसूरकर? आणि मी ताडकन उभा राहून म्हणालो, शाळेची पटसंख्या, सर. गल्ली लोळली. अंबाजीअण्णांनी तेवढा भाग पुन्हा सांगायला लावला. मी उभा राहून स्पष्ट केलं की असं काही घडलेलं नाही, सभेत कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.

म्हणजे दगड त्यानं मोडला, शाळेतल्या टाळ्या त्याला मिळाल्या, आणि आता माझी फजितीही त्याच्याच मालकीची झाली. एवढं मात्र मी सहन करणार नव्हतो. मी इतिहासाचा शिक्षक आहे. म्हणून चार दिवस बसून मी ही हकिकत लिहून काढली, जशी घडली तशी, पदरचं एक अक्षर न घालता. काल रात्री जेवणं झाल्यावर पानं लतिकेच्या हातात दिली. तिनं चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोनदा हसलीही. मग पानं नीट जुळवून माझ्याकडं परत दिली.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण ते पटसंख्येचं राहिलं की."